टिकली काचेवर, चंद्र आकाशात: सिम्युलेटरमधला ‘हड’ आणि आपलं डोकं

खिडकीच्या काचेवर एक टिकली लावा. एक डोळा मिटा आणि समोरच्या विजेच्या तारेवर बसलेला कावळा टिकलीआड बरोबर झाकला जाईल अशा बेताने उभे राहा. आता पाय न हलवता डोकं चार बोटं डावीकडे न्या. टिकली कावळ्यावरून निसटून उजवीकडे गेलेली दिसेल. टिकली जागची हलली नाही, कावळाही उडाला नाही, हललात तुम्ही.

रात्री त्याच खिडकीत चंद्र आला की हाच खेळ पुन्हा करा. लांबच्या डोंगराच्या टोकावर चंद्र टेकलेला असेल, तर डोकं कुठेही न्या, तो टोकावरच राहतो. फार हललात तर खिडकीची चौकट आड येते आणि चंद्र दिसेनासा होतो. पण जोवर दिसतो तोवर योग्य जागीच दिसतो. लहानपणी एसटीच्या खिडकीशी बसून हे आपण सगळ्यांनी पाहिलंय: झाडं मागे पळतात आणि चांदोबा आपल्याबरोबर येतो.

विमानात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर एक पारदर्शक काच असते आणि तिच्यावर हिरव्या रेषा, आकडे, खुणा दिसतात. हा हेड-अप डिस्प्ले. वैमानिक नुसतं ‘हड’ म्हणतात. मान खाली घालून यंत्रं न बघता समोर बघतच वेग, उंची, दिशा कळावी म्हणून तो असतो. पण त्याची खरी करामत आकडे दाखवण्यात नाही. त्याने टिकलीचा चंद्र केला, ही त्याची करामत. त्या खुणा हातभर अंतरावरच्या काचेत दिसतात, आणि तरीही चंद्राइतक्या दूर असल्यासारख्या वागतात.

घरच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या खेळात मात्र, आणि त्यातही डोक्याची हालचाल टिपणारं हेड ट्रॅकिंग जोडलेलं असेल तर, हा चंद्र पुष्कळदा पुन्हा टिकली होऊन बसतो. असं का होतं, आपल्याकडे होतंय का ते कसं ओळखायचं आणि त्यावर काय करायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

मला स्वतःला हे कळायला अख्खा एक पावसाळा गेला. एका जुन्या सिममध्ये एक लढाऊ विमान मला फार आवडायचं. हेड ट्रॅकर घेतल्यावर कॉकपिट जिवंत झाल्यासारखं वाटलं, पण उतरताना घोळ सुरू झाला. संध्याकाळी ताज्या मनाने बसलो की विमान व्यवस्थित उतरायचं. रात्री उशिरा, दोन तास उडवून झाल्यावर, तेच विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला लागायचं. हडवरची खूण धावपट्टीच्या टोकावर अगदी नेमकी धरलेली असायची, आणि तरीही. मी जॉयस्टिक उघडून साफ केली, वाऱ्याच्या सेटिंगवर संशय घेतला, स्वतःच्या हातावरही घेतला. कारण निघालं खुर्चीत. थकलो की मी खुर्चीत खाली घसरायचो आणि माझं डोकं दोन-तीन सेंटीमीटर खाली जायचं. एवढंच.

दोन-तीन सेंटीमीटरने विमान कसं पडतं, हे समजायला आधी ती खूण काय सांगते ते बघू.

हडवर दोन जातीची माहिती असते. एक, नुसते आकडे: वेग, उंची. हे डावीकडे लिहिले काय आणि उजवीकडे लिहिले काय, अर्थ बदलत नाही. दुसरी जात बोट दाखवणाऱ्या खुणांची. क्षितिजाची रेषा खऱ्या क्षितिजावरच पडली पाहिजे. तिच्या वर-खाली अंशांची शिडी असते, तिची ५ अंशांची पायरी क्षितिजाखाली नेमक्या ५ अंशांवरच दिसली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो छोटा गोल, दोन बाजूंना पंख आणि वर शेंडी असलेला: फ्लाइट पाथ मार्कर. विमान आत्ता खरोखर कुठे चाललंय तिथे तो गोल असतो.

‘विमान नाकासमोर जात असणार’ असं वाटतं, पण तसं नसतं. वाहत्या नदीत नावाडी नाव पलीकडे नेतो तेव्हा नावेचं नाक एकीकडे असतं आणि नाव जाते दुसरीकडे. हवेत वारा तेच करतो. शिवाय कमी वेगात विमान नाक वर करून उडतं आणि त्याच वेळी खाली येत असतं. म्हणून नाकाकडे बघून उतरता येत नाही. अंदाज बांधावा लागतो. गोल तो अंदाज संपवतो. गोल धावपट्टीच्या टोकावर धरा, विमान तिथेच पोचेल. उतरणीचा नेहमीचा कोन ३ अंशांचा असतो, म्हणून हडवर धावपट्टीचं टोक क्षितिजाखाली ३ अंशांवर आणि गोलही तिथेच, की झालं.

३ अंश म्हणजे किती? पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश व्यापतो. म्हणजे सहा चंद्र एकावर एक ठेवले की ३ अंश. सगळं उतरणं या एवढ्याशा जागेत बसलेलं असतं.

आता काच. समजा हडची काच डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर आहे आणि खुणा त्या काचेवरच रंगवल्या आहेत, टिकलीसारख्या. डोकं ३ सेंटीमीटर खाली गेलं की काचेवरची प्रत्येक खूण बाहेरच्या जगाच्या तुलनेत जवळजवळ ३ अंश वर सरकलेली दिसेल. गोल धावपट्टीच्या वर गेलेला दिसला की मी आपोआप नाक खाली घालणार आणि गोल पुन्हा टोकावर आणणार. पण विमान आता खरोखर जातंय त्याच्या ३ अंश खाली. म्हणजे उतरणीचा कोन दुप्पट झाला आणि विमान धावपट्टीच्या आधीच्या शेतात. आडव्या दिशेतही तेच गणित: डोकं ५ सेंटीमीटर बाजूला गेलं तर खूण पावणेपाच अंशांनी सरकते. ३ किलोमीटर अंतरावरून बघताना हा फरक २५० मीटरचा होतो. मोठ्या धावपट्ट्या रुंदीला ४५ मीटरच्या आसपास असतात. खुर्चीच्या हातावर डावी कोपर टेकवली तेवढ्याने खूण धावपट्टी सोडून शेजारच्या वस्तीवर जाऊन बसते.

खऱ्या विमानात हे होत नाही, आणि ते न होण्याची युक्ती विमानांहूनही जुनी आहे. डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली बंदुकांसाठी एक नवी नेमसाधनी मांडली. ग्रब हे नाव पुण्याला अगदीच परकं नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतली मोठी दुर्बीण ग्रब यांचीच होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर तिथलं साहित्य कोडाईकनालला गेलं. ताऱ्यांचे किरण पृथ्वीवर समांतर येतात हे रोजच्या कामात असलेल्या माणसाला ही युक्ती सुचावी यात मला फार संगती दिसते.

युक्ती अशी. भिंगावर समांतर किरण पडले की ते एका बिंदूपाशी एकत्र येतात. भिंगाने उन्हात कागद जाळताना आपण हेच करतो. हे उलटं चालवा. त्या बिंदूच्या जागी उजळलेली खूण ठेवा, म्हणजे भिंगातून तिचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. ते तिरक्या ठेवलेल्या काचेवर परावर्तित करून डोळ्यांकडे पाठवा. काचेतून बाहेरचं जगही दिसतं आणि खूणही दिसते. समांतर किरण म्हणजे अतिदूरच्या वस्तूचे किरण. डोकं थोडं सरकलं तर डोळ्यात शेजारचा किरण शिरतो, पण त्याची दिशा तीच. त्यामुळे खूण जगावर जिथे आहे तिथेच राहते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस असल्या नेमसाधन्या विमानांत आल्या, दुसऱ्यात सर्रास झाल्या, आणि पुढे नुसत्या नेमाच्या जागी वेग, उंची, दिशा असं सगळंच काचेवर आलं. १९५८ मध्ये पहिलं उड्डाण केलेलं ब्रिटिश नौदलाचं बकानीअर हे हड घेऊन सेवेत आलेल्या अगदी सुरुवातीच्या विमानांपैकी. आपल्या तेजसचा हड चंडीगडच्या सीएसआयओ या प्रयोगशाळेने विकसित केला. प्रवासी विमानांतही तो आता नवलाचा नाही. बोइंग ७८७ मध्ये दोन्ही वैमानिकांसमोर हड असतो.

थोडक्यात, हडवरची खूण ही वस्तू नाही, ती दिशा आहे. टिकलीला जागा असते; चंद्राला, आपल्यापुरती, फक्त दिशा असते. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

मग हेड ट्रॅकिंग आलं आणि काय बिघडलं?

हेड ट्रॅकिंग म्हणजे तुमचं डोकं कुठे आहे आणि कुठे वळलंय हे संगणकाला सतत कळवत राहणं, म्हणजे तो कॉकपिटमधलं दृश्य तसं फिरवतो. सर्वांना माहीत असलेलं साधन ट्रॅकआयआर: मॉनिटरवर एक इन्फ्रारेड कॅमेरा आणि टोपीवर किंवा हेडफोनवर तीन चमकते बिंदू. त्या तीन बिंदूंमधली खरी अंतरं संगणकाला ठाऊक असतात. कॅमेऱ्यात त्रिकोण लहान दिसला तर डोकं मागे गेलं, चपटा दिसला तर वळलं, असं तो ओळखतो. ओपनट्रॅक नावाची मोफत प्रणाली हेच काम साध्या वेबकॅमवर, नुसत्या चेहऱ्यावरूनही करते. हाताने जोडाजोड करणारे लोक टोपीवर तीन इन्फ्रारेड एलईडी लावतात, जुन्या वेबकॅममधला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढतात आणि त्या जागी फोटोच्या जुन्या काळ्या निगेटिव्हचा तुकडा बसवतात. फार कमी पैशात उत्तम चालतं.

डोक्याच्या हालचाली सहा. तीन वळण्याच्या: नकाराची मान, होकाराची मान, आणि कानाने खांद्याकडे झुकणं. तीन सरकण्याच्या: डावी-उजवीकडे, वर-खाली, पुढे-मागे. सुरुवातीचे ट्रॅकर फक्त मान वळवणं आणि वर-खाली करणं ओळखायचे. तेव्हा हडची लबाडी उघडी पडत नसे, कारण सिममधला डोळा एका जागी खिळलेला असायचा. तो फिरायचा पण सरकायचा नाही. डोळा जागचा हलला नाही तर टिकली आणि चंद्र यांत फरकच करता येत नाही. सहाही हालचाली टिपणारे ट्रॅकर आले, सरकण्याच्या तीन दिशा मोकळ्या झाल्या, आणि काचेवर रंगवलेली टिकली टिकली म्हणून ओळखू येऊ लागली. दोष ट्रॅकरने आणला नाही. तो आधीपासून होता, ट्रॅकरने दाखवला.

आणि ‘मी तर फक्त मान वळवतो, सरकत नाही’ असं म्हणून सुटका नाही. मान वळते ती मणक्याभोवती, आणि डोळे त्या कण्याच्या साधारण १० सेंटीमीटर पुढे असतात. मान ३० अंश वळवली की डोळ्यांचा मध्य ५ सेंटीमीटर बाजूला जातोच. नुसतं डावीकडच्या पंखाकडे बघून परत आलात तरी डोळा सरकून आलेला असतो.

सिममध्ये हड रेखाटण्याच्या तीन तऱ्हा मी पाहिल्या आहेत.

सगळ्यात जुनी तऱ्हा म्हणजे हड थेट स्क्रीनवर चिकटवणं. मान डावीकडे वळवली, डाव्या पंखाचं दृश्य आलं, आणि हडच्या खुणाही सोबत तिथे आल्या. वेग-उंची वाचायला सोयीचं आहे, पण अंशांची शिडी पंखावर उभी राहिली की तिचा अर्थ गेला. दृश्य झूम केलं तरी खुणा तेवढ्याच राहतात, मग त्यांचे अंश जगाच्या अंशांशी जुळत नाहीत. फ्लाइटगिअर या मुक्त सिम्युलेटरचा अंगभूत हड मुळात असाच स्क्रीनवरचा होता. आकडे बघायला मी अजूनही असा हड आनंदाने वापरतो. त्याच्या गोलावर विश्वासून उतरत मात्र नाही.

दुसरी तऱ्हा कॉकपिटमधल्या काचेवर चित्र चिकटवण्याची. चित्रात हे सर्वांत खरं वाटतं आणि वागण्यात सर्वांत धोक्याचं, कारण ते योग्य असल्यासारखं भासतं. काच जागेवर आहे, खुणा काचेवर आहेत, समोर बघितलं तर सगळं जुळतंय. जरा झुकलात की घसरलं. माझं ते लाडकं विमान या जातीचं होतं.

तिसरी तऱ्हा खरी. खुणा दूरवर ठेवायच्या आणि काच फक्त खिडकीसारखी वापरायची. कॉकपिट बनवणारे लोक हे दोन वाटांनी साधतात. एक वाट अगदी सरळ आहे: हडच्या खुणांचा प्रचंड मोठा फलक विमानाच्या पुढे, समजा एक किलोमीटरवर, विमानालाच जोडलेला ठेवायचा आणि काचेच्या चौकटीबाहेरचा त्याचा भाग दाखवायचाच नाही. एक किलोमीटरवरच्या फलकासमोर डोकं ५ सेंटीमीटर हललं तर फरक पडतो ०.००३ अंशांचा; तो कोणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. दुसरी वाट गणिताची. काचेवरचा प्रत्येक ठिपका घ्यायचा, डोळ्यापासून त्या ठिपक्याकडे जाणारी दिशा काढायची, आणि ‘या दिशेला हडचं कोणतं चिन्ह असायला हवं?’ एवढंच विचारून तो ठिपका रंगवायचा. डोळा सरकला की त्याच ठिपक्याची दिशा बदलते, म्हणून तिथे दुसरं चिन्ह येतं, आणि मूळ चिन्ह काचेवर सरकून जगावर स्थिर राहतं. ग्राफिक्स कार्डाला हे काम म्हणजे किरकोळ वजाबाकी-भागाकार आहे. म्हणूनच आजच्या काळात कोणी पैसे घेऊन विमान विकत असेल आणि त्यातला हड काचेला चिकटलेला असेल, तर मला तो आळस वाटतो. मॉनिटरवर डोळ्याचं फोकस दूर ठेवण्याचा हडचा फायदा मिळूच शकत नाही, कारण मॉनिटर आहे हातभर अंतरावर. दिशेचा फायदा मात्र पूर्ण मिळू शकतो. तो द्यावा.

आपल्या विमानात कोणती तऱ्हा आहे हे ओळखायला अर्धा मिनिट पुरतं. धावपट्टीवर विमान उभं करा, समोर लांबचा एखादा मनोरा किंवा डोंगराचं टोक हडच्या एखाद्या खुणेशी जुळलेलं शोधा, आणि डावी-उजवीकडे झुका. खूण टोकाला धरून राहिली आणि काचेची चौकट मात्र हलली, तर चंद्र. खूण चौकटीबरोबर गेली, तर टिकली. मग पुढे झुका. ही परीक्षा लोकांना चकवते. खऱ्या हडमध्ये पुढे झुकल्यावर आकडे मोठे होत नाहीत! काच जवळ आल्याने मोठी होते आणि आधी कडेला लपलेल्या खुणाही दिसू लागतात, पण प्रत्येक आकडा तेवढाच राहतो. खिडकीजवळ गेलात तर आकाश जास्त दिसतं, चंद्र मोठा होत नाही. ‘झुकूनही आकडे वाचता येत नाहीत’ अशी तक्रार ज्या हडबद्दल ऐकू येते, तो हड बहुधा बरोबर बनवलेला असतो. आकडे मोठे हवे असतील तर झूम वापरा. त्याने जग आणि खुणा एकाच मापाने वाढतात.

आता बरोबर बनवलेल्या हडची अडचण. चौकट. डोकं फार बाजूला किंवा खाली गेलं की खुणा काचेच्या कडेला कापल्या जातात, आणखी गेलं की नाहीशाच होतात. नवखा माणूस घाबरतो, हड बंद पडला समजतो. खऱ्या विमानातही असंच असतं आणि म्हणून तिथे बसण्याच्या उंचीला फार महत्त्व आहे. एअरबसच्या कॉकपिटमध्ये समोरच्या काचेच्या मधल्या खांबावर तीन छोटे गोळे असतात. ते एकमेकांशी ठरलेल्या तऱ्हेने जुळेपर्यंत वैमानिक खुर्ची वर-खाली, पुढे-मागे करतो. गोळे जुळले म्हणजे डोळे त्या एकाच ठरलेल्या जागी आले, जी धरून सगळं कॉकपिट आखलेलं असतं.

सिममध्ये ते गोळे म्हणजे ट्रॅकरचं सेंटर बटण, ट्रॅकआयआरमध्ये मुळात एफ१२. बहुतेक जण ते कसंही बसून दाबतात. आधी सिममध्ये विमानाची डोळ्याची जागा अशी लावा की हड चौकटीत पूर्ण दिसेल. मग खुर्चीत तसे बसा जसे तासाभराने बसलेले असाल, म्हणजे थोडे सैलावून, आणि मग सेंटर दाबा. ताठ बसून सेंटर दाबलं तर दहा मिनिटांनी पाठ सैल पडणार आणि हडचा खालचा भाग गायब होणार. लांब उड्डाणात उतरण्याआधी एकदा पुन्हा दाबा. मी चाकं खाली सोडताना दाबतो, त्यामुळे विसरत नाही.

दुसरी गोष्ट वक्ररेषेची, म्हणजे सेटिंगमधल्या कर्व्हची. मॉनिटर समोरच असतो, त्यामुळे खरोखर मान वळवून मागे बघता येत नाही. डोळे स्क्रीनवरच ठेवावे लागतात. म्हणून ट्रॅकर वळण वाढवून दाखवतो: तुम्ही २० अंश वळता, दृश्य १२० अंश फिरतं. हे सहापट वाढवणं मधोमधही चालू राहिलं तर श्वास घेतला तरी हड डुलतो. म्हणून वळण्याची वक्ररेषा मध्याजवळ सपाट ठेवा आणि कडेला चढवा. मोठ्या हडचा आवाका साधारण २५ ते ३० अंशांचा असतो. तेवढ्या भागात दृश्य शांत राहिलं पाहिजे. सरकण्याच्या हालचाली मात्र वाढवू नका. त्या एकास एक ठेवा, नाहीतर जरा झुकताच डोकं चौकटीबाहेर. तुमच्या आवडत्या विमानाचा हड टिकलीच्या जातीचा असेल, तर उतरताना सरकणं पूर्ण बंद करणारं एक बटण ठरवून ठेवा. बहुतेक ट्रॅकर प्रणालींमध्ये अशी सोय असते, आणि माझं ते जुनं विमान आता याच बटणावर उतरतं.

थरथर काढण्यासाठी स्मूदिंग वाढवायचा मोह होतो. स्मूदिंग म्हणजे मागच्या काही क्षणांची सरासरी, आणि सरासरी म्हणजे उशीर. साधा वेबकॅम सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर आधीच आहे. ट्रॅकआयआर ५ सेकंदाला १२० घेतो, तिथे ते अंतर ८ मिलिसेकंदांचं. वेबकॅमवर भरपूर स्मूदिंग लावलं की डोकं आधी जातं आणि दृश्य मागून येतं. यात एक दिलासा आहे: हड खऱ्या जातीचा असेल तर थरथरीत खुणा आणि जग एकत्र हलतात, त्यांचं आपसांतलं नातं बिघडत नाही. वाचायला त्रास होतो, उतरायला नाही.

बाजूच्या वाऱ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिथे हे सगळं एकत्र येतं. १३० नॉटच्या वेगाने उतरताना २० नॉटचा आडवा वारा असेल तर विमानाचं नाक आणि जाण्याची दिशा यांत जवळजवळ ९ अंशांचा फरक पडतो. गोल हडच्या कडेला जाऊन बसतो, आणि अरुंद काच असेल तर दिसेनासा होतो. इथे मान वळवून उपयोग नाही, कारण वळणं काच हलवत नाही. सरकावं लागतं: गोल उजव्या कडेबाहेर गेला असेल तर डोकं डावीकडे न्यायचं, म्हणजे काचेतून उजवीकडचा भाग दिसू लागतो, अगदी खिडकीतून गल्लीचं उजवं टोक बघण्यासाठी आपण डावीकडे सरकतो तसं. लढाऊ विमानांत यावर एक बटणही असतं. एफ-१६ मध्ये ड्रिफ्ट कटआउट, एफ/ए-१८ मध्ये केज. ते दाबलं की गोल आडव्या दिशेने मधोमध बांधला जातो. तो मग बाजूची दिशा खरी सांगत नाही, पण उतरणीचा कोन खराच सांगतो. आपण कोणती माहिती सोडली हे वैमानिकाला ठाऊक असतं, हा त्यातला आणि टिकलीतला फरक.

व्हीआर चष्म्यात वाढवणं वगैरे नाही. डोकं जेवढं वळतं तेवढंच दृश्य. पण तिथे टिकलीची शिक्षा दुप्पट आहे. हात लांब करून एक बोट धरा आणि पलीकडच्या भिंतीकडे बघा: बोटं दोन दिसतात. दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण ६.३ सेंटीमीटर, ६० सेंटीमीटरवरच्या काचेवर खुणा रंगवल्या असतील तर धावपट्टीकडे बघताना प्रत्येक खूण दुहेरी दिसेल, आणि दोन प्रतिमांमध्ये तब्बल ६ अंशांचं अंतर असेल. एक डोळा मिटून उडवणारे लोक मी पाहिले आहेत. दूर ठेवलेल्या खुणांना हा रोग होत नाही, म्हणून व्हीआर आल्यापासून निर्मात्यांना हड नीट बनवणं भाग पडलं.

आणि हेल्मेट. खऱ्या विमानातही डोकं टिपलं जातं ते इथे. हड समोरच्या तुकड्यापुरता असतो; मान वळवली की तो संपला. म्हणून खुणा हेल्मेटच्या काचेवरच आणल्या गेल्या. एफ-३५ मध्ये हडची काचच नाही, सगळं हेल्मेटमध्ये. पण डोक्यावर बसवलेल्या पडद्याला चंद्र दाखवायचा तर डोकं कुठे वळलंय हे विमानाला क्षणोक्षणी कळलं पाहिजे, कारण डोकं डावीकडे गेलं की क्षितिजाची रेषा काचेवर तितकीच उजवीकडे न्यावी लागते. उशीर झाला की रेषा क्षितिजावर पोहते. हड ज्या कामासाठी फक्त एक भिंग वापरतो, त्यासाठी हेल्मेटला अखंड मोजमाप लागतं.

सिममध्ये एफ-१६ किंवा एफ/ए-१८ चं हेल्मेट वापरताना नेम दृश्याच्या मधोमध असतो आणि तो समोरच्या विमानावर आणायचा असतो. इथे मॉनिटरवाल्यांची वक्ररेषा आडवी येते. डोकं एक अंश थरथरलं की कडेला नेम सहा अंश, म्हणजे बारा चंद्र, उडतो. यासाठी मी वेगळं प्रोफाइल ठेवतो: वाढवणं तिप्पटच, मध्य सपाट नाही पण हळू, स्मूदिंग किंचित जास्त. मागे पूर्ण बघता येत नाही, पण नेम धरता येतो. आणि समोर, हडच्या चौकटीत नजर आली की खरं हेल्मेट आपल्या खुणा विझवतं, म्हणजे दोन क्षितिजं एकावर एक पडत नाहीत. सिममध्ये तसं होत नसेल तर विमानाच्या सेटिंगमध्ये ब्लँकिंग शोधा. बऱ्याचदा ते नुसतं बंद ठेवलेलं असतं.